निलगिरीची लागवड आणि जमिनीची शिल्लक

बेळगाव-खानापूर भागातील तांबड्या माळांवर निलगिरीच्या रांगा आता कोणाला नवीन नाहीत. या झाडाविषयी दोन टोकाची मते आपल्या कानी पडतात. एक पक्ष म्हणतो, हे पैशाचे झाड. लावावे, विसरावे आणि सातव्या-आठव्या वर्षी रोख रक्कम मोजून घ्यावी. दुसरा म्हणतो, हे जमिनीचा कस चोरणारे झाड. याला बांधावरही उभे करू नये. आमच्या मते खरा प्रश्न दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटतो. झाड जमिनीतून किती घेते, यापेक्षा आपण शेतातून काय उचलून नेतो आणि किती वेळा नेतो, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

निलगिरी मूळची ऑस्ट्रेलिया खंडाकडची. टिपू सुलतानाने 1790 च्या सुमारास नंदीदुर्गावर तिची रोपे लावविली असे सांगतात. निलगिरी पर्वतात 1843 पासून तिची लागवड झाली, आणि त्या पर्वताचेच नाव आपल्या भाषेत झाडाला मिळाले. पुढे मैदानी प्रदेशात ‘म्हैसूर गम’ या नावाची जात पसरली. हलक्या जमिनीतही ती तग धरते, आणि तोडल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणूनच एका लागवडीवर दोन-तीन तोडी घेण्याचा प्रघात पडला.

आता झाडाचा आहार पाहू. नत्र, स्फुरद, पालाश आणि चुना ही त्याची मुख्य अन्नद्रव्ये. निलगिरी या बाबतीत मोठी काटकसरी आहे. पान गळण्यापूर्वी त्यातील नत्र व स्फुरद यांचा बराचसा भाग ती परत ओढून घेते आणि नव्या पालवीला देते. लाकडाच्या गाभ्यातूनही ती असेच काढून घेते. परंतु या काटकसरीची दुसरी बाजूही आहे. गळलेला पाचोळा नत्राने दरिद्री असतो. तो सावकाश कुजतो, आणि कुजविणारे सूक्ष्म जीव प्रथम स्वतःच जमिनीतील नत्र अडवून ठेवतात. आपल्या जांभ्याच्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम भरपूर असल्यामुळे स्फुरदही त्यांच्याशी जखडून राहते आणि मुळांच्या हाती थोडेच लागते.

वाचकांनी पुढील हिशेब नजरेखालून घालावा. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. एका हेक्टरात 60 टन सुके लाकूड, 8 टन साल आणि 4 टन पाला निघाला असे धरू. लाकडात नत्र शेकडा 0.15 भाग धरले, तर 60 टनांत 90 किलो होते. पाल्यात ते शेकडा 1.75 भाग धरले, तर अवघ्या 4 टनांत 70 किलो भरते. चुन्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तो मुख्यतः सालीत साठतो. शेकडा दीड भाग धरला, तर 8 टन सालीत 120 किलो कॅल्शियम आहे. 60 टन लाकडात शेकडा 0.1 भागाने 60 किलोच होते. म्हणजे ज्या पाला-सालीला बाजारात जवळजवळ मोल नाही, तिच्यातच जमिनीची पुंजी अडकलेली असते. ती सरपणाला नेली किंवा ढीग करून पेटवून दिली, की लाकूड विकून आलेल्या पैशाबरोबर आपण मुद्दलही खर्चून टाकतो. जाळल्याने पाल्यातील बहुतेक नत्र हवेत जाते. राख उरते, पण पहिल्या वळवाच्या सरीत तीही उताराला लागते.

हा केवळ कागदावरचा तर्क नव्हे. 1995 पासून उष्ण कटिबंधातील अनेक देशांत यावर एकत्रित प्रयोग झाले. काँगो देशात प्वांत-न्वार शहराजवळच्या रेताड जमिनीवर तोडीनंतरचा सर्व पालापाचोळा जेथे काढून टाकला, तेथे पुढचे पीक स्पष्टपणे खुंटले. जेथे तो राखला, तेथे ते जोमाने वाढले. केरळात पीची येथील वनसंशोधन संस्थेच्या प्रयोगांत नत्र व स्फुरद खतांचा, तसेच आरंभीच्या काळात तण काढण्याचा उपयोग दिसून आला. ओळींमध्ये द्विदल वेली व गवते लावण्याचेही प्रयोग तेथे झाले. काँगोत निलगिरीबरोबर नत्र साठविणारी बाभूळवर्गीय झाडे मिसळून लावली, तेव्हा निव्वळ निलगिरीपेक्षा अधिक लाकूड मिळाले.

यावरून ज्यांची निलगिरी आज उभी आहे, त्यांच्यासाठी काही नियम निघतात :

1. साल शेतातच सोलावी आणि ती, पाला व बारीक फांद्या ओळींमध्ये पसराव्यात. जाळू नयेत.

2. तोडीची घाई करू नये. कोवळ्या झाडात साल व पाल्याचे प्रमाण अधिक असते; त्यामुळे लवकरची तोड लाकडाच्या मानाने जमिनीला महाग पडते.

3. लाकडाबरोबर जे गेले, ते खताने भरून काढावे. शेंडे वाळू लागल्यास, विशेषतः उन्हाळ्यात, बोरॉनची उणीव आहे की काय हे तपासून घ्यावे.

4. नवी फूट लहान असेतो ओळींमध्ये ताग किंवा कुळीथ पेरावा.

5. उतारावर नांगरट टाळावी. वरची चार बोटे माती हेच खरे भांडार होय.

पाण्याचा प्रश्न निराळा व तितकाच गंभीर आहे. मुख्यतः भूजलाच्या चिंतेमुळे कर्नाटक शासनाने 2017 साली निलगिरीच्या नव्या लागवडीस मनाई केली. वर सांगितलेल्या उपायांनी पाण्याची ती तूट भरून निघत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जेथे विहिरी आटत चालल्या आहेत, तेथे बुंधे काढून काजू, फणस किंवा शिवण यांच्याकडे वळणेच शहाणपणाचे. तेव्हाही निलगिरीचा पाचोळा त्याच मातीत मुरवावा.

धर्मादाय संस्था दीर्घकाळ टिकते ती मूळ निधीला हात न लावता व्याजावर कार्य चालविते म्हणून. या महोत्सवाच्या निमित्ताने संस्थेचा जमाखर्च आपण अभिमानाने वाचतो. वडिलार्जित जमिनीचाही असाच जमाखर्च प्रत्येक तोडीला मांडला, तर पुढील पिढीच्या हाती आपण नुसता सातबारा देणार नाही, पिकणारी माती देऊ.