जागच्या जागी

दुपारच्या जेवणाची वेळ झाली, की मोठ्या उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात एकदम धांदल उडते. एकाच वेळी अनेक ताटांची मागणी येते. मीठ कोठे आहे, लिंबू कोठे आहे, हे शोधण्यास आचाऱ्यास त्या वेळी सवड नसते. म्हणून शोधण्याचे काम तो गर्दीपूर्वीच संपवून टाकतो.

या पूर्वतयारीस फ्रेंच भाषेत ‘मीझ आं प्लास’ असे म्हणतात. वस्तू जागच्या जागी मांडणे, हा त्याचा अर्थ होय. विख्यात फ्रेंच आचारी ऑग्युस्त एस्कॉफिए हे १८५९ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, नीस शहरातील एका नातलगाच्या उपाहारगृहात कामास लागले. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचा मुदपाकखाना १८९० पासून त्यांच्याकडे आला. त्यांनी मुदपाकखान्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागावर एक प्रमुख नेमण्याची शिस्त रूढ केली. जगातील अनेक मोठ्या मुदपाकखान्यांत आजही ती पाळली जाते.

अशा विभागातील आचाऱ्याचा ओटा पाहण्यासारखा असतो. मीठ व मिरपूड प्रत्येक पदार्थास लागतात. म्हणून ती हाताशी असतात. चिरलेली कोथिंबीर सुकू नये म्हणून तिच्यावर ओलसर फडके असते. तळलेला कांदा दमटपणाने मऊ पडतो. म्हणून तो चटण्यांपासून दूर असतो. दह्याच्या चटणीत उष्णतेने जंतू वाढतात. म्हणून ती ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवतात. आधी केलेली चटणी पुढे व ताजी मागे ठेवतात. त्यामुळे आधीची आधी संपते. ही मांडणी रोज तीच असते. एकाच्या जागी दुसरा आचारी उभा राहिला, तरी त्याचा हात अचूक मिठाकडेच जातो.

प्रत्येक भांड्यात स्वतंत्र चमचा असतो. शेंगदाण्याच्या कुटातील चमचा तर दुसऱ्या भांड्यात कधीच जाता कामा नये. काही माणसांस शेंगदाणा मुळीच सोसत नाही. त्याच्या कणानेही त्यांचा श्वास कोंडतो, प्रसंगी प्राणावर बेतते. ताटावर बसलेला मनुष्य आचाऱ्यास पाहतही नाही. परंतु त्याचा जीव त्या एका चमच्याच्या जागेवर विसंबून असतो.

स्वाध्याय
१. तळलेला कांदा चटण्यांपासून दूर का ठेवतात?
२. प्रत्येक भांड्यात स्वतंत्र चमचा नसेल, तर काय घडू शकेल?