"ताई, मग आपण मागणारे का?"

लिंबायतमध्ये मी संध्याकाळी दहावीच्या मुलांना शिकवते. बहुतेकांची घरं मूळची खानदेशातली. वडील लूमवर कामाला, घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती-हिंदी. त्या दिवशी आर्थिक विकासाचा धडा होता. "श्रीमंत देश गरीब देशांना मदत करतात," असं मी सांगितलं, तेव्हा मागून एका मुलाने विचारलं, "ताई, मग आपण मागणारे का?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी येऊन वाचत बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते.

पहिली गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. १९९४ साली केंद्र सरकारने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यात जागतिक बँकेचा आणि काही परदेशी सरकारांचा पैसा होता. गुजरातेत डांग, बनासकांठा आणि पंचमहाल या जिल्ह्यांसाठी नेदरलँड्सने मदत दिली. म्हणजे आपल्या डांगातल्या शाळांसाठी डच करदात्यांचा पैसा आला! पण डच सुरतेला नवे नाहीत. सतराव्या शतकात कापडाच्या आणि निळीच्या व्यापारासाठी त्यांची इथे वखार होती. कतारगाम दरवाजाकडे त्यांचं कबरस्तान आजही आहे. तेव्हा ते आपल्याकडे माल मागायला आले होते. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे असं काळाप्रमाणे बदलतं.

दुसरी गोष्ट २००३ची. जपान, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, रशिया आणि युरोपीय संघ सोडून इतर देशांची सरकारी मदत यापुढे घ्यायची नाही, असं भारताने ठरवलं. नेदरलँड्सही त्यात वगळलं गेलं. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, केंद्रीय करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसला. त्याचा पैसा प्राथमिक शिक्षण आणि मध्यान्ह भोजनासाठी होता. हा उपकर फक्त आयकरावर नव्हता, उत्पादन शुल्कावरही होता. त्यामुळे कर लागणारी साधी वस्तू घेणाऱ्यानेही त्यात आपला वाटा टाकला.

तिसरी गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. १९६४पासून भारत स्वतःच्या खर्चाने इतर विकसनशील देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देतो. मदत घेत होतो त्या काळातही आपण देत होतो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं फळ्यावर मांडलं. तो मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या मम्मीनं पण दिलेत."

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या ध्येयांत जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण आहे. आपल्या २०२०च्या शैक्षणिक धोरणातही ते आहे. पण हा विषय नुसत्या नकाशावर शिकवला, तर लिंबायतच्या मुलाला तो आपला वाटत नाही, किंवा उगाच खाली बघायला लावतो. आपल्यापैकी जे बी.एड.ला जाणार आहेत त्यांना एवढंच सुचवते: वर्गात पहिला प्रश्न असा विचारा, "आपल्या शाळेचा खर्च कोण करतं?" पुढचा धडा मुलंच उलगडतील.