बंध तुटला की ऊर्जा मिळते का?

प्रश्न : मिथेन जळताना त्याचे बंध तुटतात आणि त्यांत साठलेली ऊर्जा बाहेर पडते, असं आम्ही शिकलो. मुलीच्या बारावीच्या पुस्तकात मात्र बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, असं लिहिलं आहे. मग शेगडीवरचा चहा उकळतो तो कशाच्या जोरावर?

उत्तर : मुलीचं पुस्तक बरोबर आहे, आणि चहा उकळतो हेही खरं. मधला एक टप्पा आपण गाळतो, म्हणून घोटाळा होतो.

एकमेकांना चिकटलेली दोन लोहचुंबकं ओढून काढायला जोर लागतो. ती आपसूक सुटत नाहीत. अणूंचंही तसंच. ते बांधले जातात, कारण एकत्र असताना त्यांची ऊर्जा कमी असते. म्हणून बंध तोडताना ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते. या नियमाला अपवाद नाही.

आता मिथेनचा हिशोब मांडू. पाइपने घरी येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यत्वे मिथेनच असतो. त्याचा एक मोल, म्हणजे 16 ग्रॅम, जाळायचा आहे. कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडायला प्रत्येकी सुमारे 413 किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनच्या दोन रेणूंतले दुहेरी बंध तोडायला प्रत्येकी 498. एकूण खर्च 2648.

जमेच्या बाजूला कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध प्रत्येकी 799 देतात आणि पाण्याच्या दोन रेणूंतले चार बंध प्रत्येकी 463. एकूण जमा 3450. शिल्लक राहिली सुमारे 802 किलोज्यूल. ही सगळी उष्णता भांड्यातच गेली, तर 25 अंशांवरचं अडीच लिटर पाणी उकळीला येईल. तुमचा चहा उकळतो तो नव्याने जुळलेल्या बंधांवर.

याचा अर्थ असा नाही की आधी सगळे बंध तुटतात आणि मग नवे जुळतात. वर केला तो फक्त ताळेबंद. प्रत्यक्षात तोडणं आणि जोडणं टप्प्याटप्प्याने, बरोबरीने चालतं. पण सुरुवातीला थोडी गुंतवणूक करावीच लागते. म्हणून मिथेन आणि हवा नुसती एकत्र आली तर पेटत नाहीत, ठिणगी लागते. तिने पहिले काही बंध तुटतात. पुढचे रेणू तोडायचा खर्च नव्या बंधांतून सुटणारी उष्णता भागवते. या सुरुवातीच्या गुंतवणुकीला सक्रियण ऊर्जा म्हणतात.

दुसरा गैरसमज : मजबूत बंधात ऊर्जा जास्त भरलेली असते. खरं तर उलट आहे. बंध जितका मजबूत, तितकी तो जुळताना जास्त ऊर्जा निघून गेलेली असते. ज्वलन एवढं फायद्याचं ठरतं, याचं मोठं कारण ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध तुलनेने कच्चा आहे. सगळं श्रेय इंधनाला देणं बरं नव्हे.

जीवशास्त्राची पुस्तकं एटीपीच्या ‘ऊर्जेने भरलेल्या’ बंधाबद्दल बोलतात, तेव्हाही हाच टप्पा गाळलेला असतो. तो बंध तोडायलाही ऊर्जा लागतेच. पण त्याच वेळी फॉस्फेटचा पाण्याशी नवा बंध जुळतो, जवळजवळ कोंबलेले ऋण प्रभार एकमेकांपासून सुटतात आणि वेगळे झालेले तुकडे पाण्यात अधिक स्थिर होतात. हे सगळं धरून, प्रमाणित परिस्थितीत मोलमागे सुमारे 30 किलोज्यूल वापरण्याजोगी ऊर्जा हाती येते.

तेव्हा कोणतीही अभिक्रिया समोर आली की दोन रकाने आखा : काय तुटलं, काय जुळलं. जुळण्यातली जमा जास्त असेल तर अभिक्रिया उष्मादायी, तोडण्यातला खर्च जास्त असेल तर उष्माग्राही. कार्बन डायऑक्साइड का जळत नाही, हेही त्यातूनच कळतं. त्याचे बंध आधीच इतके मजबूत आहेत की ऑक्सिजनशी आणखी जोडून घेऊन जमेला काहीच पडत नाही.