कोंड्याचा मांडा : जुन्या वस्तूंना नवे रूप

प्रस्तावना

'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. कोंडा म्हणजे धान्य कांडताना वेगळे होणारे टरफल आणि मांडा म्हणजे बारीक कणकेची अतिशय पातळ, नाजूक पोळी. कोंड्यापासून मांडा होणे खरे तर अशक्य. परंतु काटकसरी आणि कल्पक माणूस सामान्य वस्तूतूनही उत्तम वस्तू निर्माण करतो, असा या वाक्प्रचाराचा आशय आहे. प्रस्तुत पाठात आपण घरातील जुन्या वस्तूंना थोड्या खर्चात नवे रूप कसे द्यावे आणि ते देताना कोणती काळजी घ्यावी, याचा परिचय करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
- वस्तूंच्या पुनर्वापराची भारतीय परंपरा सांगता येईल;
- लोखंडी पेटी रंगवण्याच्या व भिंतीला चुना देण्याच्या कृती क्रमाने लिहिता येतील;
- जुन्या रंगापासून होणारा धोका स्पष्ट करता येईल;
- 'आऊ' प्रत्यय लागून तयार झालेले शब्द ओळखता येतील.

मूळ पाठ

१. परंपरेचा वारसा

आपल्याकडे वस्तू सहसा एकाच जन्मावर थांबत नसे. लुगडे विरले की त्याची गोधडी होई. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकमेकांवर अंथरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत स्त्रिया ती शिवत. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे होई. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ, बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी या एकाच विचाराच्या निरनिराळ्या शाखा आहेत. त्यांच्या मुळाशी गरज होती. पण टाके घालणाऱ्या हातांनी त्या गरजेतून कला निर्माण केली.

या वृत्तीचे एक भव्य उदाहरण चंदीगड येथे पाहावयास मिळते. तेथील सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेले नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, मोडक्या फरशा असे टाकून दिलेले साहित्य जमवून आकृती घडवण्यास प्रारंभ केला. नोकरी सांभाळून, कोणासही न सांगता त्यांनी अनेक वर्षे हे काम केले. १९७६ मध्ये त्यांची ही निर्मिती 'रॉक गार्डन' म्हणून जनतेसाठी खुली झाली. नेकचंद २०१५ मध्ये निवर्तले. परंतु ज्याला लोक कचरा म्हणत होते, त्यात त्यांनी पाहिलेले सौंदर्य आजही तेथे उभे आहे.

आपल्याला उद्यान उभारावयाचे नाही. घरातील गंजलेली पेटी आणि काळवंडलेली भिंत एवढेच आपले क्षेत्र आहे. मात्र दृष्टी तीच हवी.

२. गंजलेल्या पेटीचा कायापालट

अनेक घरांत पत्र्याची एक जुनी पेटी असते. रंग उडालेला, कडांना गंज चढलेला. पत्रा शाबूत असेल, तर अशी पेटी दोन-तीन दिवसांत नवी दिसू लागते आणि बैठकीत छोटे बाक म्हणूनही उपयोगी पडते.

साहित्य : वॉटर पेपर, रेड ऑक्साइड प्रायमर, ऑइल पेंट, टर्पेंटाइन, एक ब्रश व जुनी फडकी.

रंग किती घ्यावा? पेटी ७५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ३० उंच आहे असे समजू. तिचे बाहेरचे सर्व पृष्ठभाग मिळून सुमारे १.४ चौरस मीटर क्षेत्रफळ होते. दोन हात द्यावयाचे म्हणजे २.८ चौरस मीटर झाले. एक लिटर ऑइल पेंटमध्ये साधारणपणे ८ ते १० चौरस मीटर भागावर एक हात बसतो. म्हणजे अर्ध्या लिटरचा डबा पुरून उरतो. उरलेल्या रंगात एखादे स्टूलही रंगते. असा हिशेब आधी केला, तर पैसे वाया जात नाहीत.

कृती : प्रथम पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही. नंतर वॉटर पेपर पाण्यात भिजवून गंज व सुटलेला रंग घासून काढावा. घासून झाल्यावर पेटी लगेच पुसून उन्हात वाळवावी व त्याच दिवशी प्रायमर लावावा. कारण उघडा पत्रा हवेतील दमटपणाने पुन्हा गंजू लागतो. प्रायमर रात्रभर वाळल्यानंतर रंगाचा पहिला हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी दुसरा.

रंगाचा एकच जाड थर देण्याचा मोह टाळावा. ऑइल पेंट हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो. थर जाड असेल, तर वरची साय आधी वाळते, आतला रंग ओला राहतो आणि ओघळ येतात. पातळ दोन हात हे जाड एका हातापेक्षा केव्हाही चांगले. पावसाळ्यात रंग उशिरा वाळतो, म्हणून हे काम कोरड्या हवेत करावे.

३. न दिसणारा धोका

जुन्या रंगाबाबत एक गोष्ट प्रत्येकाने जाणून घेतली पाहिजे. पूर्वी अनेक रंगांमध्ये शिशाची संयुगे मिसळली जात. शिसे शरीरात साठून राहते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते. भारतात २०१६ मध्ये यासंबंधी नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दर दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असण्यास मनाई झाली. याचा अर्थ असा, की त्यापूर्वी रंगवलेल्या पेटीवर, खिडकीवर किंवा पाळण्यावर शिसे असू शकते.

म्हणूनच जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. तो जाळू नये. काम घराबाहेर करावे. नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा. मुले व गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे. निघालेला चोथा ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधावा व काम संपल्यावर हात आणि कपडे धुवावेत. नवा डबा घेताना त्यावरील शिशासंबंधीचा मजकूर वाचावा. वाचता येण्याचा याहून मोठा उपयोग कोणता? धान्य वा खाद्यपदार्थ ठेवण्याचे डबे आतून कधीही रंगवू नयेत. टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्यामुळे ते चुलीपासून दूर ठेवावे.

४. भिंतीला चुन्याची सफेदी

भिंतीसाठी चुन्याइतका स्वस्त उपाय क्वचितच सापडेल. कळीचा चुना पाण्यात विरवला की मोठी उष्णता निर्माण होते व मिश्रण उकळू लागते. म्हणून मोठ्या पसरट भांड्यात आधी पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. चुना त्वचेला व विशेषतः डोळ्यांना इजा करतो, म्हणून हातमोजे व चष्मा वापरावा. मिश्रण रात्रभर ठेवून फडक्याने गाळावे. त्यात थोडा डिंक घातल्यास चुना हाताला कमी लागतो. किंचित नीळ घातल्यास पांढरेपणा खुलतो.

भिंत झाडून, पाणी शिंपडून ओली करावी व पातळ दोन-तीन हात द्यावेत. लावताना चुना फिका दिसतो. वाळताना पांढरा होत जातो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट दिलेल्या भिंतीवर मात्र चुना टिकत नाही; त्याचे पोपडे निघतात.

शब्दार्थ

विरणे – झिजून जीर्ण होणे. विरवणे – पाण्यात मिसळून विरघळू देणे. कायापालट – संपूर्ण बदल. हात देणे – (येथे) रंगाचा थर लावणे. ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारे. पोपडा – सुटलेला पातळ थर

भाषाविचार

'टाकणे' या क्रियापदाच्या 'टाक' या धातूला 'आऊ' प्रत्यय लागून 'टाकाऊ' हे विशेषण तयार होते. त्याचप्रमाणे टिक – टिकाऊ, विक – विकाऊ, शिक – शिकाऊ. धातूला प्रत्यय लागून बनलेल्या अशा शब्दांना 'कृदन्त' किंवा 'धातुसाधित' म्हणतात.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.

१. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर लावावा, कारण –
(अ) रंग स्वस्त पडतो (आ) पत्रा पुन्हा गंजू लागतो (इ) प्रायमर आटतो

२. जुना रंग ओला करून घासावा, कारण –
(अ) धूळ उडत नाही (आ) चकाकी येते (इ) वेळ वाचतो

तुम्ही काय शिकलात?

- गोधडी, कांथा, सुजनी ही पुनर्वापराच्या परंपरेची उदाहरणे आहेत.
- रंगकामात पूर्वतयारी आणि पातळ थर यांना महत्त्व असते.
- काटकसर करताना आरोग्याची किंमत मोजू नये.

स्वाध्याय

१. 'कोंड्याचा मांडा करणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
२. चुना विरवताना कोणती काळजी घ्याल? चार वाक्यांत लिहा.
३. तुमच्या घरातील एक जुनी वस्तू निवडा. तिला नवे रूप देण्यासाठी लागणारे साहित्य, खर्च आणि कृती लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) २. (अ)