नवे गवत आणि घोड्याचे पोट

पाऊस लागण्यापूर्वी मी कुंभिवलीला पशुपालनाचा वर्ग घेतो. यंदा तिथे माथेरानला घोड्यावर काम करणाऱ्या एका तरुणाने विचारले, "सर, विलायतेत घोडे गवत खाऊन मरतात म्हणे. आपल्याकडे तसं होईल का?" प्रश्न रास्त होता. घोडा बसला की त्या घराची चूल अडते.

तो रोग खरा आहे. १९०९ च्या सुमारास स्कॉटलंडच्या पूर्व भागात तो ध्यानात आला. कुरणात चरणारे तरुण घोडे, बहुधा एप्रिल ते जुलैमध्ये, त्याला बळी पडतात. आतड्याच्या नसा निकामी होतात. घास गिळवत नाही, पापण्या उतरतात, लीद थांबते आणि तीव्र प्रकारात घोडा दोन दिवसांत जातो. मातीतल्या एका जिवाणूच्या विषावर संशय आहे, पण शंभर वर्षांत कारण पक्के सापडलेले नाही. तो मुख्यतः ब्रिटन आणि उत्तर युरोपातला रोग. आपल्या डोंगरात मला त्याची धास्ती वाटत नाही.

धास्ती वाटते पोटशूळाची. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकायला हवे. त्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू चारा आंबवून पचवतात आणि त्यांना रोजच्या चाऱ्याची सवय झालेली असते. पावसात सवाऱ्या कमी होतात, घोडा मोकळा चरतो. उन्हाळाभर वाळल्या चाऱ्यावर राहिलेल्या जनावराला कोवळे गवत पोटभर मिळाले की वायू धरतो. घोडा कुशीकडे वळून पाहतो, खुराने जमीन उकरतो, घामाघूम होऊन लोळतो. अशा वेळी चारा काढून घ्यावा आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. १९६२ या क्रमांकाला पैसे पडत नाहीत. बाटलीने तेल पाजण्याची घाई मात्र नको. ते फुफ्फुसात उतरले तर दुसरेच संकट. पहिल्या दिवशी अर्धा तास चारावे, आधी वाळका चारा घालून, आणि दहा-बारा दिवसांत वेळ वाढवत न्यावी.

वर्गात घोडेवाले दोघेतिघेच होते. शेळ्या मात्र ठाकरवाडीत आणि कातकरवाडीत घरोघरी आहेत, आणि नव्या गवताचा खरा घाला त्यांच्यावर पडतो. त्या रोगाला आंत्रविषार म्हणतात. त्याचे जंतू शेळीच्या आतड्यात एरवीही असतात. कोवळा चारा भरपूर मिळाला की ते झपाट्याने वाढून विष सोडतात. अधाशासारखे खाणारे धष्टपुष्ट करडू आधी जाते, सकाळी चांगले होते ते संध्याकाळी नाही. लोक म्हणतात दृष्ट लागली. ज्या घरात आजारपणाला दुसरी पुंजी नाही, तिथे ते करडू म्हणजे दवाखान्याचे पैसे असतात.

याची लस आहे. ती मे महिन्यात टोचावी, आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी. अंगात प्रतिकार यायला दिवस लागतात, म्हणून गवत उगवल्यावर डॉक्टरांकडे धाव घेऊन ते वर्ष हाती लागत नाही.