गुण कशाने आला?



पडसे झाले की कोणी काढा देते, कोणी गोळी देते, कोणी वाफ घ्यायला लावते. आठ दिवसांत पडसे जाते. मग जो तो म्हणतो, "बघ, माझ्याच औषधानं गुण आला!" पण काहीच घेतले नसते तरी पडसे बहुतेक वेळा जातेच. मग गुण कशाने आला? हे कसे ओळखायचे ते आपण पाहू.

साप चावल्याचे बघा. आपल्याकडचे पुष्कळ साप बिनविषारी असतात. धामण चावली तर माणूस दगावत नाही. त्याला मांत्रिकाकडे नेले तरी तो वाचतो आणि नाही नेले तरी वाचतो. पण नाव होते मांत्रिकाचे. पुढे नाग, मण्यार, घोणस नाहीतर फुरसे चावले तरी लोक तिकडेच पळतात आणि माणूस हातचा जातो. खरे तर सापाच्या विषावरचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते. म्हणून "अमक्याला गुण आला" एवढ्यावर भागत नाही. उपाय केलेले आणि न केलेले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघावे लागतात.

लोखंडाचे सोपे असते. आपल्या कोल्हापुरात ओतकामाचे पुष्कळ कारखाने आहेत आणि गावोगावी लोहारही आहेत. लोहार कोयता लाल तापवून पाण्यात बुडवतो. त्याला पाणी देणे म्हणतात. पाणी दिल्याने पोलाद कडक होते का, हे बघायचे असेल तर एकाच पट्टीचे दोन तुकडे घ्यावेत. एकाला पाणी द्यावे, दुसऱ्याला देऊ नये. मग दोन्हींवर कानस घासावी. साध्या तुकड्यात कानस रुतते, पाणी दिलेल्या तुकड्यावरून ती घसरते. पट्टी एकच होती, फरक फक्त पाण्याचा. म्हणजे गुण पाण्याचाच.

पण माणसे एका पट्टीची नसतात. कोणी धट्टाकट्टा, कोणी अशक्त. मग दोनच माणसे घेऊन कसे कळणार? म्हणून पुष्कळ माणसे घ्यावी लागतात. आता मोठ्या तपासणीत कोणाला नवे औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात, म्हणजे धट्टेकट्टे सगळे एकाच बाजूला जात नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात अशी एक मोठी तपासणी झाली, ती गडचिरोली जिल्ह्यात. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तिथे १९८६ पासून काम करते. तिथल्या खेड्यांत जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी सुमारे ६० बाळे पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. दवाखाना लांब असायचा. डॉक्टरांनी ठरवले, की गावातल्याच एका बाईला शिकवायचे. तिने घरी जाऊन बाळाचे वजन करायचे, बाळाला उबेत ठेवायला आणि आईचे दूध पाजायला सांगायचे, श्वास अडकला तर मदत करायची, जंतूंचा आजार ओळखून औषध आणि इंजेक्शन द्यायचे. तिचे नाव आरोग्यदूत.

पण याचा उपयोग होतो का? त्यासाठी ३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या. दुसऱ्या ४७ गावांत नेमल्या नाहीत. तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि मृत्यू लिहून ठेवला. काम १९९५ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या वर्षी ४७ गावांत आकडा सुमारे ६० च होता. ३९ गावांत तो सुमारे २५ वर आला. १९९९ साली हे लंडनच्या 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आले.

मी गुरुजींना विचारले, "मग त्या ४७ गावांतल्या बाळांचं काय? त्यांना का नाही दिलं?" गुरुजी म्हणाले, "तेव्हा उपाय चालतो का नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चुकीचा निघाला असता तर? पण एकदा कळलं की मग तो सगळ्यांना द्यायला पायजे." मला वाटते, ती ४७ गावे नसती तर कोणीही म्हणाले असते, "पाऊसपाणी चांगलं झालं, म्हणून बाळं जगली." त्या गावांमुळेच खरे काय ते कळले.

पुढे २०११ साली सरकारने ही पद्धत देशभर आणली. म्हणून आता बाळ जन्मले की आशाताई ४२ दिवसांत पुन्हा पुन्हा घरी येतात. काही घरी म्हणतात, "आमी चार पोरं वाढवली, आमाला काय शिकवता?" पालकांनो, आशाताईंना दारातून परत पाठवू नका. त्या सांगतात ते ८६ गावांत पारखून घेतलेले आहे.

करून पाहा : ४० हरभरे घ्या. डोळे मिटून २०-२० चे दोन वाटे करा. एक वाटा रात्रभर भिजवा, दुसरा कोरडाच ठेवा. सारख्या मातीत, सारख्या उन्हात पेरा आणि सारखेच पाणी घाला. पाचव्या आणि आठव्या दिवशी कोंब मोजून वहीत लिहा. आधी मनाने उत्तर लिहायचे नाही, बरे का!

— इयत्ता ४ थी, उचगाव (ता. करवीर)