अंगारा कपाळी, गोळी वेळी

लेकरा, घरात मोठं आजारपण आलंय म्हटल्यावर अंबडच्या मत्स्योदरीला साकडं घालून झालं असेल. घाल, त्यात काही वावगं नाही. देव आणि दवाखाना यांचं एकमेकांशी वाकडं नसतं, आपणच उगीच लावून देतो. तसं होऊ नये म्हणून थोडं सांगते.

१. गोळ्यांची वेळ जमत असेल तर दिवाबत्तीशी जोडून टाक — दिवा लावायला आपल्या घरात कुणी विसरत नाही, गोळी मात्र हमखास राहते.

२. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर काहीच नको, आरती बाहेरच्या खोलीत कर — ऑक्सिजन पांघरुणात भरून राहतो आणि एवढ्याशा ठिणगीचा भडका उडतो.

३. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातात गंडादोरा, घट्ट बांगडी, घड्याळ घालू नको; बीपीसुद्धा दुसऱ्याच हातावर मोजायला सांग — दाबानं फिस्टुलाची नस बंद पडू शकते, आणि दोरा काय, दुसऱ्या मनगटावरही तेवढाच पावतो.

४. एमआरआयला निघताना तावीज, मंगळसूत्र घरीच काढून ठेव — ते यंत्र म्हणजे जबरदस्त चुंबक. तिथं दारात काढायला लावलं की माणूस आणखी घाबरतं.

५. आता मोसंबी. आपल्या जालन्यात भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवीभर घेऊन येणार. किडनीच्या आजाऱ्याला मोसंबी आणि शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नको — दोन्हींत पोटॅशियम असतं, ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. केमो चालू असेल तर गाड्यावरचा रस बंद. डॉक्टर हो म्हणाले तर घरी धुऊन, सोलून दे. उरलेली पाहुण्यांनाच सोलून दे — वायाही जात नाहीत, आणि तेवढा वेळ ते सल्ले द्यायचे थांबतात.

६. केमोच्या दिवसांत अंगारा कपाळालाच, पोटात नको. तीर्थ उकळून गार केलेल्या पाण्याचं कर — पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा जंतूही भारी पडतो.

७. थर्मामीटर उशाशी ठेव. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत की पूजा अर्ध्यावर असो, दवाखाना गाठ — देव थांबतो, ताप थांबत नाही.

८. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आजाऱ्याला एकादशी धरू देऊ नको — साखर एकदम खाली येते. फारच हट्ट धरला तर त्यांच्या वाटची तू धर. साबुदाण्याचं तुला तसंही वावडं नाही.

९. समर्थ आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, करुणाष्टकं घरात पाठ असतीलच. दम लागत असेल तर आजारी माणसाला म्हणायला लावू नको, शेजारी बसून हळू आवाजात तू म्हण — आणि आधी विचार, एखाद्या दिवशी त्यांना नुसता हात हातात हवा असतो.

१०. ‘औषध बंद करा, मी बरं करतो’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नको — साप, विंचू, कुत्रं चावलेल्याला उपचारापासून अडवणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे.

११. कॅन्सरसाठी मुंबईला टाटात जायचं ठरलं तर देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घे — उपचाराच्या प्रवासाला स्लीपरमध्ये आजाऱ्याचं भाडं माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट असते. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आधी विचारून ठेव — बाबांच्या नावानं तिथं आजाऱ्यांची सोय होते.

१२. रात्री जागायच्या पाळ्या लाव, आणि तुझी नसेल तेव्हा खरंच झोप — जागून डोळे तारवटले की चुकीच्या गोळ्यांची पट्टी फोडली जाते.

१३. पायी जायचा नवस बोलायचा तर स्वतःच्या पायांनी बोल, आजाऱ्याच्या नाही. आणि बरं वाटल्यावर त्यांना राजूरला न्यायचं असेल तर अंगारकी टाळून साधा दिवस बघ — नुकतंच उठलेलं माणूस त्या गर्दीत टिकत नाही, आणि नारळ आठ दिवस उशिरा फुटला म्हणून गणपती काही रुसत नाही.